कांदो ना

रविवारी सकाळी पर्वत पाटियाजवळच्या कॉलेजात वर्गांच्या याद्या लागल्या, तेव्हा मालतीबाई पाटलांनी आपलं नाव आधी दुसऱ्या मजल्याच्या यादीत शोधलं. तिथे मुख्याध्यापकांचा वर्ग होता आणि मालतीबाई सव्वीस वर्षांपासून मुख्याध्यापिका होत्या. बमरोलीतल्या एका छोट्या मराठी शाळेच्या, बालवर्ग ते चौथी. यादीत त्यांचं नाव नव्हतं. धनश्रीचं होतं. धनश्री म्हणजे त्यांच्याच शाळेतली बालवर्गाची शिक्षिका, वय एकोणतीस, बाईंसमोर खुर्चीवर टेकायलासुद्धा अजून कचरणारी. ती मागेच उभी होती. तिने खालच्या मजल्याची यादी वाचली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमचं नाव खाली आहे. बालशिक्षणात."

"काहीतरी चुकलं असेल."

चुकलंच होतं. संस्थेचा कारकून हिलाल याने दोघींचे फॉर्म एकाच बैठकीत भरले होते आणि कोर्सचे आकडे उलटसुलट टाकले होते. विद्यापीठाचे अभ्यासक्रम दोन होते: लहान मुलांना शिकवणाऱ्यांसाठी एक आणि शाळा चालवणाऱ्यांसाठी एक. जूनच्या आत शाळेत दोन्ही प्रमाणपत्रं असली पाहिजेत, एवढं संस्थेने ठरवलं होतं. कोणाकडे कोणतं, हे कोणी बोललं नव्हतं, कारण त्यात बोलण्यासारखं काय होतं?

ऑफिसातल्या माणसाने कॉम्प्युटरवरची नजर न काढता सांगितलं, "पोर्टल तो बंध थई गयुं, बेन." बदल हवा असेल तर अर्ज द्या, पुढच्या सत्रात बघू. मालतीबाईंनी तिथूनच संस्थेच्या अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, "दोन कागद आले म्हणजे झालं, मालतीबाई. भिंतीवर लावल्यावर नावं कोण वाचतं?"

मग धनश्री जिना चढून वर गेली आणि मालतीबाई खाली.

खालच्या वर्गात बाकं नव्हतीच. सतरंज्या अंथरल्या होत्या आणि बावीस बायका-पोरी गोल करून बसल्या होत्या. त्यांना शिकवणाऱ्या जिगीषा मॅडम तिशीच्या असतील. त्याही खालीच बसलेल्या. मालतीबाईंचे गुडघे दुखायचे, पण आपणच तेवढं स्टुलावर बसायचं हे त्यांना बरं वाटेना. त्या मांडी घालून बसल्या. मॅडमनी प्रत्येकीपुढे लाकडी ठोकळे ओतले आणि म्हणाल्या, वीस मिनिटं खेळा.

"काय बनवायचं?" मालतीबाईंनी हिंदीत विचारलं.

"जे मनात येईल ते."

मालतीबाईंच्या मनात काही येईना. शेवटी त्यांनी ठोकळे एकावर एक लावून चौकोनी भिंत उभी केली, शाळेच्या कंपाउंडसारखी. बरोबर आहे का, असं विचारल्यावर मॅडम हसून म्हणाल्या, "तमने केवुं लागे छे?" तुम्हाला कसं वाटतं? मालतीबाईंना राग आला. उत्तर शिक्षकाने सांगायचं असतं, एवढं तरी या मुलीला ठाऊक असायला हवं होतं.

पण खरा घोळ पुढे होता. पहिला गृहपाठ मिळाला: आपल्या शाळेतलं एक मूल निवडा. पंधरा दिवस रोज वीस मिनिटं त्याच्याजवळ बसा. बोलू नका, शिकवू नका, रागवू नका. डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल तेवढंच लिहा.

मूल कोणतं घ्यायचं, हा प्रश्न मालतीबाईंना पडला नाही. बालवर्गात हर्षाली नावाची साडेपाच वर्षांची मुलगी होती. दिवाळीनंतर शाळेत आली होती आणि तीन महिन्यांत एक शब्द बोलली नव्हती. हजेरीला 'हजर' म्हणायची नाही, गाण्यात हात हलवायची नाही. मालतीबाईंनी तिच्या नावापुढे रजिस्टरात लिहून टाकलं होतं, 'पहिलीत पाठवू नये', आणि तिला ने-आण करणाऱ्या आजोबांना तसं सांगितलंही होतं. तिचंच निरीक्षण लिहिलं तर निदान कामाचं काम होईल, असा त्यांचा हिशोब.

पहिल्या तीन दिवसांचं त्यांनी एका बैठकीत लिहिलं. 'हर्षाली हट्टी व आळशी आहे. तिचे लक्ष नसते. घरी लाड होत असावेत.' अक्षर मोत्यासारखं होतं. पुढच्या रविवारी वही परत आली तेव्हा 'हट्टी', 'आळशी', 'लक्ष' आणि 'लाड' या चारही शब्दांभोवती लाल गोल होते आणि खाली एकच ओळ होती: तुम्हाला हे कसं कळलं?

मालतीबाई बसमध्ये ती ओळ वाचत राहिल्या. कसं कळलं म्हणजे काय? दिसतंच की. पण काय दिसतं, हे शब्दांत धरायला गेल्या आणि हाताला काही लागेना. मूल हट्टी आहे हे दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं? नाक दिसतं, वेणी दिसते, मूठ दिसते. हट्ट कुठे दिसतो?

"धनश्री, तुला समजलं का हे?" त्यांनी शेजारी बसलेल्या धनश्रीला विचारलं.

धनश्री स्वतःच चिंतेत होती. "बाई, मला वेगळंच दिलंय. एका शाळाप्रमुखाच्या मागे आठ दिवस राहायचं आणि त्यांनी घेतलेला प्रत्येक निर्णय लिहायचा. शेवटच्या रकान्यात 'का' लिहायचं." मग म्हणाली, "मी दुसऱ्या कोणत्या शाळाप्रमुखांना ओळखत नाही."

असा तो प्रकार सुरू झाला. सोमवारपासून सकाळची प्रार्थना झाली की मालतीबाई बालवर्गाच्या कोपऱ्यात सतरंजीवर बसून हर्षालीकडे बघत, आणि त्या उठल्या की धनश्री वही घेऊन त्यांच्या मागे फिरे. तेवढा वेळ बालवर्ग चौथीच्या दोन मुली सांभाळत. शाळेच्या मागच्या गल्लीत लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने होते; त्यांची खटखट दिवसभर चालू असे आणि त्या खटखटीत सगळी शाळा जरा मोठ्यानेच बोलायची. बोलत नव्हती ती फक्त हर्षाली.

मालतीबाईंनी लिहिलं: '७.५० – हर्षाली भिंतीला पाठ लावून बसली. ७.५४ – चप्पल काढून मांडीवर घेतली. ७.५८ – चपलेवर हात फिरवते आहे.' हे लिहिताना त्यांना कोणी शाळेत येऊन बघू नये असं वाटत होतं. सव्वीस वर्षं नोकरी करून मुख्याध्यापिका चपलेबद्दल लिहिते आहे.

चौथ्या दिवशी त्यांच्या मनात आलं, हिला ऐकू येत नसेल. त्यांनी मागे जाऊन स्टीलचं झाकण फरशीवर टाकलं. हर्षालीने ताबडतोब वळून बघितलं, झाकणाकडे आणि मग बाईंकडे, अगदी 'हे का टाकलं?' अशा नजरेने. म्हणजे कान ठीक होते. मग वाटलं, घरात अहिराणी असेल, शाळेतलं मराठी समजत नसेल. मालतीबाई स्वतः शिरपूरकडच्या. पण शाळेत त्या अहिराणीचा शब्द तोंडातून काढत नसत आणि दुसऱ्याला काढू देत नसत. त्या दिवशी त्यांनी आजूबाजूला बघून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "हर्षाली, जेवन करी लिधं का?" हर्षालीने मान वर केली, थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पुन्हा चप्पल मांडीवर घेतली. समजलं होतं, असं वाटलं. पण 'असं वाटलं' हे लिहायचं नव्हतं.

त्याच दुपारी धनश्रीची वही टेबलावर उघडी पडली होती. मालतीबाईंनी वाचली. '८.१४ – उशिरा आलेल्या आईला मुलासकट परत पाठवलं. ८.१५ – तिला हाक मारून परत बोलावलं. का –' आणि पुढे कोरं.

"इथे काही लिहिलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"मला कळलं नाही, बाई. तुम्हीच सांगा. आधी का पाठवलं आणि मग का बोलावलं?"

मालतीबाई उत्तर द्यायला गेल्या. पाठवलं, कारण नियम आहे. बोलावलं, कारण... ती बाई फाटकाजवळ पोचली तेव्हा त्यांना काय झालं होतं, ते आठवेना. "राहू दे कोरं," त्या म्हणाल्या, आणि उरलेला दिवस त्यांना चुकल्यासारखं होत राहिलं.

पाचव्या दिवशी हर्षाली बोलली.

मालतीबाई इतक्या जवळ बसल्या होत्या म्हणूनच ते ऐकू आलं. चप्पल मांडीवर उताणी ठेवून, तिच्यावर रुमाल पांघरून ती पुटपुटत होती. लूमच्या आवाजात अर्धं बुडत होतं. मालतीबाईंनी श्वास रोखून कानाला आलं तसं टिपलं: 'कांदो ना... कांदो ना... मासिबो... भातो खाइबु... कांदो ना.'

घरी जाऊन त्यांनी ते दहा वेळा वाचलं. मासिबो, खाइबु हे तर अर्थ नसलेलं बडबडणं. पण 'कांदो ना' स्पष्ट होतं. कांदो म्हणजे गुजरातीत कांदा. कांदा नको. गल्लीत गुजराती पोरांबरोबर खेळून मूल गुजराती उचलतं, यात नवल नव्हतं. नवल हे की साडेपाच वर्षांची मुलगी चपलेला कांदा नको असं का सांगते? कांद्याची ही एवढी काय दहशत? घरी बळजबरीने खाऊ घालतात का? मारतात का?

दुसऱ्या दिवशी सुट्टी झाल्यावर त्यांनी आजोबांना फाटकाजवळ थांबवलं. चिंधाबाबांनी पस्तीस वर्षं लूमवर काढली होती आणि त्या लूमने त्यांचे कान जवळजवळ नेले होते.

"बाबा, हर्षालीला घरी कांदा देता का?"

"चांदा?"

"कांदा. कांदा खाते का ती?"

"कांदा त खास ती. भाकरसंगे खास." आजोबा गोंधळून बाईंकडे बघू लागले. "काय व्हयनं? पोटमा दुखस का तिना?"

"नाही, नाही. तिला आवडतो का?"

"आवडस ना. बुक्की मारीसन देवो लागस." आजोबांनी मूठ आपटून कांदा फोडून दाखवला. हर्षाली त्यांचं बोट धरून उभी होती आणि एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. मालतीबाईंनी वहीत लिहिलं, 'कांदा आवडतो असे आजोबा म्हणतात', आणि त्याखाली लिहिण्यासारखं काही सुचेना म्हणून वही मिटली.

रविवारी जिगीषा मॅडमनी प्रत्येकीला आपल्या वहीतलं थोडं वाचून दाखवायला सांगितलं. मालतीबाईंची पाळी आली. चपलेपर्यंत वाचून त्या थांबल्या; पुढचं वाचायची लाज वाटत होती. पण मॅडम म्हणाल्या, "वांचो ने, बेन." म्हणून त्यांनी वाचलं: कांदो ना, मासिबो, भातो खाइबु. दोघी-तिघी हसल्या. मालतीबाई म्हणाल्या, "तिला कांदा आवडतो, मी चौकशी केली आहे." त्यावर आणखी हसू आलं.

हसली नाही ती समोर बसलेली मिनती. भेस्तानला एका बालवाडीत शिकवणारी, मूळची ओडिशाची बाई. तिने हिंदीत विचारलं, "दीदी, ही मुलगी ओडिया आहे का?"

"नाही. आमची खानदेशची आहे. पाटलांची."

"पण हे ओडिया आहे. कांदो ना म्हणजे रडू नको. मासिबो नाही ते, मा आसिबो. आई येईल. भातो खाइबु, भात खाशील ना?" मिनतीने मांडीवर मूल असल्यासारखा हात थोपटला आणि चाल लावून म्हटलं, "मा आसिबो, कांदो ना."

वर्गात आता कोणी हसत नव्हतं. मालतीबाईंना काही केल्या उमजेना. धुळे जिल्ह्यातल्या घरची पोर, आजोबा अहिराणी बोलणारे, शाळा मराठी, रस्ता गुजराती, आणि ही ओडिया कुठून आली?

ते सोमवारी चिंधाबाबांकडून कळलं, तेही त्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखं काही नसल्यासारखं. त्यांचा मुलगा योगराज लूमवर बारा-बारा तास, सून स्वाती साडी मार्केटात घड्या घालायच्या कामावर सकाळी सातला जायची, आणि बाबा स्वतः गेल्या दिवाळीपर्यंत एका गोदामावर पहारा करायचे. मग पोर कोणाकडे? "शेजारे उडिया बाई व्हती. आठ महिनानी व्हती तवयपासून तिनाकडेच. तिले माउसी म्हने. ती बाई दिवाळीले गावले निंघी गई." मग बाबा म्हणाले, "तवयपासून घरमा बी कमीच बोलस. आम्हले वाटनं, मोठी व्हयनी, शानी व्हयनी."

मालतीबाई ऑफिसात येऊन बसल्या. गुंता सुटला होता आणि तरी डोकं भणभणत होतं. हट्टी, आळशी, बहिरी, कांद्याला भिणारी... दोन आठवड्यांत त्यांनी या मुलीला किती नावं दिली होती. आणि सव्वीस वर्षांत बाकीच्यांना? त्यांना काही चेहरे आठवले आणि त्यांनी ते आठवायचं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम मोडला. निरीक्षणाच्या वेळी बोलायचं नव्हतं, त्या बोलल्या. हर्षालीने चप्पल मांडीवर घेतली तेव्हा त्या तिच्याकडे सरकल्या आणि मिनतीने शिकवली होती त्या चालीवर हळूच म्हणाल्या, "मा आसिबो, कांदो ना."

हर्षालीचा हात थांबला. तिने बाईंकडे बघितलं. असं बघणं मालतीबाईंनी तिच्या डोळ्यांत आधी पाहिलं नव्हतं. मग तिने चप्पल पायात घातली, दुसरी शोधून तीही घातली, खुंटीवरचं दप्तर काढून पाठीला लावलं आणि जाऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. फाटकाकडे तोंड करून.

मालतीबाईंना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. आई येईल, असं त्यांनी सांगितलं होतं. मुलीने ते खरं धरलं होतं.

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. स्वाती संध्याकाळी सातला घरी यायची. धनश्री धावत आली. "बाई, ही कुठे निघाली?" मालतीबाईंनी तिला हाताने थांबवलं. हर्षालीला आत बोलवावं तर कोणत्या शब्दांनी? खोटं सांगितलं, असं कोणत्या भाषेत सांगावं? शेवटी त्या उठल्या, दाराच्या उंबऱ्यावर जाऊन तिच्या शेजारी बसल्या. मधली सुट्टी झाली, मुलं त्यांना ओलांडून गेली आणि ओलांडून परत आली. दोघी तिथेच होत्या. त्या दिवशी धनश्रीच्या वहीत लागोपाठ चार ओळी सारख्याच आहेत: 'बाई दारात बसल्या आहेत.' आणि 'का' च्या रकान्यात काही नाही.

साडेदहाच्या सुमाराला हर्षालीने मान वळवली आणि विचारलं, "कवय येई?"

केव्हा येईल. अहिराणीत, स्वच्छ, शाळेत आल्यापासून पहिल्यांदा. पण कोण येईल, असं ती विचारते आहे? आई, की ती माउसी? विचारायला तोंड उघडलं आणि त्यांना वाटलं, तेही तिला वेगवेगळं माहीत असेलच असं नाही.

"माले माहीत नही," त्या म्हणाल्या.

हर्षालीने ते ऐकून घेतलं. दप्तर काढून हातात घेतलं, आणि त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसली.

दोन दिवसांनी योगराजने लूमच्या मुकादमाकडून माउसीच्या नवऱ्याचा नंबर मिळवला. धनश्रीच्या फोनवर व्हिडिओ लागला तेव्हा पडद्यावर एक बुटकी, पन्नाशीची बाई पाठीमागच्या हापशासकट दिसली आणि तिने हाक मारताच हर्षाली कपाटाआड पळाली. पाच मिनिटं ती तिथून निघाली नाही. मग आली, फोन दोन्ही हातांत धरला आणि बोलायला लागली ती थांबेचना. वाक्यावर वाक्यं, मध्येच रुसणं, मध्येच बोट दाखवून काहीतरी तक्रार. एकदा तिने फोन फिरवून माउसीला मालतीबाई दाखवल्या आणि त्यांच्याविषयी बरंच काही सांगितलं. काय सांगितलं, ते ऑफिसातल्या कोणालाच समजलं नाही. मालतीबाईंच्या वहीत त्या दिवशी एकच नोंद आहे: '१०.४० ते ११.०२ – बोलत होती.'

माउसी परत येणार नव्हती. शेवटी तिने मोडक्या हिंदीत तेवढं सांगितलं. सासू आजारी होती आणि नवऱ्याने गावाकडेच काम धरलं होतं.

शनिवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून स्वाती शाळेत आली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, बोटांना पिनांचे बारीक ओरखडे. मालतीबाईंनी तिला सगळं सांगितलं, आपण काय चुकीचं लिहिलं होतं तेही.

"माझी पोर दुसऱ्या भाषेत स्वतःची समजूत घालते," ती म्हणाली, "आणि हे मला शाळेत येऊन कळतं. घरी मला वाटायचं, शहाणी आहे, रडत नाही."

स्वातीने ते शब्द मागितले. मालतीबाईंनी वही पुढे केली आणि मग जरा मागे घेतली. "एक सांगते. मी तिला हे म्हटलं, तर ती दप्तर घेऊन दारात उभी राहिली. मला वाटतं, मी तिला फसवलं. तू म्हणावंस की नाही, मला समजत नाही."

स्वातीने विचार केला. "तुम्ही म्हटलं तेव्हा मी तिथे नव्हते ना," ती म्हणाली. "मी म्हणेन तेव्हा मी असेन." आणि तिने टेबलावरचं पेन घेऊन सावकाश, शिवल्यासारख्या अक्षरांत तीन ओळी उतरवून घेतल्या.

मार्चमध्ये तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मालतीबाईंची वही चाळली आणि निष्कर्षाचं पान कोरं का, असं विचारलं. मालतीबाई म्हणाल्या, "मुलगी आता थोडं बोलते. पण कशामुळे, ते मला नक्की सांगता येत नाही. फोनमुळे असेल, आईमुळे असेल. दारात बसल्यामुळेही असेल." परीक्षकांनी जिगीषा मॅडमकडे बघितलं. मॅडम खाली बघून काहीतरी लिहीत होत्या. मालतीबाई पास झाल्या. गुण बरे होते, फार नव्हते. धनश्रीला त्यांच्यापेक्षा जास्त पडले.

राहिला रजिस्टरातला शेरा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मालतीबाईंनी रजिस्टर उघडलं आणि 'पहिलीत पाठवू नये' यावर रेघ मारायला पेन उचललं, तेव्हा समोर बसलेली धनश्री म्हणाली, "बाई, मला वाटतं, ठेवावं तिला बालवर्गात."

"अगं, आता तर ती बोलायला लागली."

"म्हणूनच. आत्ता कुठे सुरुवात झाली. पहिलीत गेली की फळा, वही, शुद्धलेखन. परत गप्प झाली तर?"

मालतीबाई चक्रावल्या. मुलगी बोलत नव्हती तेव्हा त्यांना ती पहिलीत नको होती आणि आता त्या तिला पाठवायला निघाल्या होत्या; धनश्री तेव्हा काही बोलली नव्हती आणि आता मागे ओढत होती. दोघींचंही पटण्यासारखं होतं. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्यांनी समोरच्या माणसाला वाक्य पूर्ण करू दिलं होतं आणि त्याचा परिणाम हा, की आता काहीच ठरत नव्हतं.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू म्हणतेस तसं. पण हे बरोबर आहे ना?"

"मलाही माहीत नाही, बाई. ऑगस्टमध्ये परत बघू."

मालतीबाईंनी पेन ठेवलं, पेन्सिल घेतली आणि शेऱ्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'ऑगस्ट'.

ऑगस्टमध्ये राखी पौर्णिमा झाली आणि हर्षालीला पहिलीत बसवलं. तोवर ती तीन भाषा एकत्र करून बोलायला लागली होती आणि बालवर्गातली चार-पाच पोरं तिचं ऐकून एकमेकांना 'आसो, आसो' म्हणून बोलावू लागली होती. मालतीबाईंनी त्यांना टोकलं नाही, शाबासकीही दिली नाही. पहिले चार दिवस हर्षाली मधल्या सुट्टीत डबा घेऊन बालवर्गात परत यायची आणि भिंतीला पाठ लावून जेवायची. पाचव्या दिवशी आली नाही. धनश्री दारापर्यंत जाऊन बघून आली. व्हरांड्यात ती दोन मुलींबरोबर बसली होती आणि त्यातल्या एकीच्या डब्यातलं खात होती. आज का आली नाही, हे मालतीबाई आणि धनश्री दोघींपैकी कोणालाच सांगता आलं नाही.